हवामानाचा प्रश्न मांडण्याचा हक्क कोणाचा?

पदवीला असताना पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपर आपल्यापैकी बहुतेकांनी दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो सगळ्या शाखांना लागू झाला. त्याची प्रकल्पवही तुम्हाला आठवत असेल. ओझोनचा थर, चिपको आंदोलन, बिश्नोई समाज, एखाद्या धरणाचे चित्र, आणि अलीकडच्या वह्यांत शेवटच्या पानावर दोन वेण्या घातलेल्या एका स्वीडिश मुलीचे छायाचित्र. अशा अनेक वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत महाडचे चवदार तळे मला एकदाही सापडले नाही. पाण्यावरच्या हक्कासाठी या देशात झालेला सर्वांत मोठा सत्याग्रह इतिहासाच्या पेपरात जातो आणि पर्यावरणाच्या पेपरात स्वीडनची मुलगी येते.

त्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने जगाच्या बोलण्यात काय बदल केला हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्याचबरोबर तिला जो मान मिळाला तो कोणत्या अटींवर मिळाला, आणि त्या अटी आपल्या वस्तीतल्या पोरांना का लागू होत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. कारण हवामान बदलाचा पहिला फटका ज्यांना बसतो आहे, त्यांच्याच घरातून आलेले आपण पहिल्या पिढीचे पदवीधर आहोत, आणि या विषयावर बोलणाऱ्यांच्या यादीत आपण जवळजवळ कुठेच नाही.

20 ऑगस्ट 2018 रोजी पंधरा वर्षांची ग्रेटा थुनबर्ग शाळा सोडून स्वीडनच्या संसदेबाहेर एक फलक घेऊन एकटीच बसली. वर्षभरात तिच्या शुक्रवारच्या संपात अनेक देशांतली लाखो मुले उतरली. 23 सप्टेंबर 2019 रोजी ती संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून राष्ट्रप्रमुखांना जाब विचारत होती. त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला वर्षाची व्यक्ती म्हणून निवडले आणि कॉलिन्स शब्दकोशाने ‘क्लायमेट स्ट्राइक’ हा वर्षाचा शब्द ठरवला. विमानाने फिरण्याची लाज वाटणे, यासाठी स्वीडिश भाषेत रुळलेला शब्द इतर देशांत पोहोचला. एका शाळकरी मुलीने सत्तेतल्या मोठ्या माणसांना शास्त्रज्ञांचे अहवाल वाचा असे सांगितले आणि ते ऐकावे लागले, हा तिचा खरा सांस्कृतिक परिणाम आहे. वयाने लहान असणे म्हणजे गप्प बसणे, ही समजूत तिने सैल केली.

पण जगाने ऐकले ते कोणाच्या नावाने? भविष्याच्या नावाने. निरागस मूल, त्याचे हिरावले जाणारे उद्या, आणि शाळेवर टाकलेला बहिष्कार, या तीन गोष्टींवर ती प्रतिमा उभी राहिली. यातली एकही गोष्ट आपल्याकडे तशीच्या तशी लागू पडत नाही. ज्या घरात शाळेचा दाखला हीच पिढ्यांची पहिली कमाई असते, त्या घरातल्या मुलीला शुक्रवारी शाळेबाहेर बसायला सांगणे सोपे नाही. हजेरी कमी भरली की शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. विमानाची लाज वाटून घ्यायची, तर आधी विमानात बसायला मिळाले पाहिजे. आपल्यातले कितीतरी जण पहिल्यांदा विमानात बसतात तेव्हा आईला व्हिडिओ कॉल करून खिडकी दाखवतात. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

मूल सत्तेला जाब विचारते, ही गोष्ट मराठीला नवी नाही. 1855 साली ज्ञानोदय या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे चौदा वर्षांची होती, फुले दांपत्याच्या शाळेत शिकत होती. आपल्या लोकांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या इमारतींच्या पायात त्यांनाच पुरले गेले, हे तिने लिहून ठेवले. जमीन कोणाची आणि विकासाच्या पायात कोण गाडले जाते, हा प्रश्न यापेक्षा स्पष्ट कोणी विचारला आहे? ग्रेटाने शाळा सोडून प्रश्न विचारला, मुक्ताबाईने शाळेत शिरून विचारला. दोघींचे मोल कमी-जास्त ठरवण्याची गरज नाही. पण आपल्या वहीत एकीचे चित्र असते आणि दुसरीचे नावही नसते, याचा हिशोब मागावा लागेल.

कोणाचे चित्र राहते आणि कोणाचे कापले जाते, याचे उदाहरण जानेवारी 2020 मध्ये दावोसला दिसले. पाच तरुण कार्यकर्त्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने छायाचित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्यात चारच जणी उरल्या. कापली गेलेली पाचवी म्हणजे युगांडाची व्हॅनेसा नकाटे, त्या पाच जणींतली एकमेव काळी तरुणी. तिने जाहीरपणे जाब विचारल्यावर वृत्तसंस्थेने खेद व्यक्त केला आणि दुसरे छायाचित्र दिले. आपल्या देशात कात्री वेगळ्या जागी चालते. इथे छायाचित्र कापण्याआधी नाव ठरवले जाते. एकाला पर्यावरण कार्यकर्ता म्हणतात, दुसऱ्याला आंदोलक, तिसऱ्याला नुसताच बाधित.

दोन अटका

फेब्रुवारी 2021 मध्ये ग्रेटाने दिल्लीच्या सीमेवरच्या शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणारे ट्वीट केले, सोबत एक ‘टूलकिट’ जोडले, आणि दिल्लीत तिचे पोस्टर जाळले गेले. 13 फेब्रुवारीला दिल्ली पोलिसांनी बंगळुरूहून दिशा रवी या बावीस वर्षांच्या पर्यावरण कार्यकर्तीला अटक केली. याच प्रकरणात मुंबईच्या वकील निकिता जेकब आणि बीडचा अभियंता शंतनू मुळूक यांची नावे आली. त्या दोघांना मुंबई उच्च न्यायालयाने अटकेपासून तात्पुरते संरक्षण दिले. दिशाला 23 फेब्रुवारीला जामीन मिळाला, आणि सरकारच्या धोरणाशी असहमत असणे हा गुन्हा नव्हे हे न्यायाधीशांनी आदेशात स्पष्ट केले. तिची अटक अन्यायाची होती आणि देशभर निषेध झाला तो योग्यच झाला.

त्याच आंदोलनाच्या सीमेवर, सोनीपतजवळच्या कुंडली औद्योगिक वसाहतीत, त्याआधी महिनाभर दुसरी अटक झाली होती. नोदीप कौर ही कारखान्यात काम करणारी, मजूर अधिकार संघटनेची दलित कार्यकर्ती. ती कामगारांची थकलेली मजुरी मागत होती. तिला 12 जानेवारीला अटक झाली. कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचा आरोप तिने केला. तिचा सहकारी शिवकुमार, तोही दलित, याच्या वैद्यकीय तपासणीत हाडे मोडल्याचे नोंदले गेले. नोदीपला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयातून जामीन मिळाला तो 26 फेब्रुवारीला. म्हणजे एकीला दहा दिवस, दुसरीला दीड महिना. नोदीपचे नावही जगापुढे गेले, पण अटकेनंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने, अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या भाचीने ट्वीट केल्यावर.

मला दोघींत भांडण लावायचे नाही. माझा मुद्दा नावाचा आहे. शेतकऱ्यांच्या बाजूने लिहिणारी तरुणी ‘हवामान कार्यकर्ती’ ठरते. त्याच शेतीतून बाहेर पडून कारखान्यात गेलेली, तिथल्या धुरात आणि उकाड्यात काम करून मजुरी मागणारी भूमिहीन घरची तरुणी ‘कामगार आंदोलक’ ठरते. पहिलीकडे विचार आहे असे गृहीत धरले जाते, दुसरीकडे फक्त मागणी. जात इथे शिवी देऊन काम करत नाही, वर्गवारी करून काम करते.

बीडचेच पाहा. टूलकिट प्रकरणात हा जिल्हा राष्ट्रीय बातम्यांत आला. पण बीडमध्ये हवामानाचा प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत आणि ट्रकमध्ये चढतो आणि ऊसतोडीला जातो. पाऊस नाही, जमीन नाही किंवा असून पिकत नाही, म्हणून जोडपी कोयता उचलतात. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. मासिक पाळीत खाडा पडला की मुकादम दंड लावतो, त्यात उपचाराच्या नावाखाली घाबरवणारे डॉक्टर. दुष्काळ, साखरेचे अर्थकारण, जात आणि बाईचे शरीर या एका धाग्यात ओवलेल्या गोष्टी आहेत. तरीही हा विषय आपल्याकडे ‘आरोग्य’ किंवा ‘महिला’ या पानावर छापला जातो, ‘हवामान’ या पानावर नाही.

हजरतगंजचे ऊन

हे मी लखनौत बसून लिहिते आहे. इथल्या हजरतगंज या जुन्या बाजारपेठेत, चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि चालत गेल्यास थोड्याच अंतरावर जीपीओच्या बागेत गांधीजींचा. फलक घेऊन मूक निदर्शने करायची तर लखनौतले लोक पूर्वापार गांधी पुतळ्याशी जमतात. वृक्ष वाचवा, गोमती वाचवा असे फलक तिथे शोभून दिसतात. पण नोकरीची मागणी घेऊन आलेल्यांना प्रशासन शहराच्या दुसऱ्या टोकाला, आलमबागजवळच्या इको गार्डनमध्ये धाडते. 69,000 शिक्षकांच्या भरतीत आरक्षण डावलले म्हणून लढणारे मागास आणि दलित उमेदवार तिथे उन्हापावसात महिनोन्‌महिने बसले. 13 ऑगस्ट 2024 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने त्या भरतीच्या निवड याद्या रद्द केल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

या बागेचे पूर्ण नाव मान्यवर कांशीराम यांच्या नावाने आहे. मायावती सरकारने जुन्या तुरुंगाच्या जागेवर ती उभारली. ज्यांच्या राजवटीला ‘दगडांची स्मारके बांधली, झाडे कुठे आहेत’ असे हिणवले गेले, त्यांनी तुरुंग पाडून बाग केली होती. ही गोष्ट पर्यावरणाच्या चर्चेत कोणी सांगत नाही. स्मारकांवर टीका करायला हरकत नाही. पण शहरातल्या सर्व दगडांपैकी निळ्या झेंड्याखालचेच दगड ज्यांना तापलेले दिसतात, त्यांच्या नजरेबद्दल शंका घ्यायला हवी.

आता उन्हाचाच हिशोब. 1 जून 2024 रोजी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्याचे मतदान पूर्व उत्तर प्रदेशात झाले. दुसऱ्या दिवशी राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले, की उष्णतेमुळे निवडणुकीच्या कामावरचे 33 कर्मचारी दगावले. त्यांत होमगार्ड होते, सफाई कर्मचारी होते. मृतांच्या कुटुंबांना 15 लाख रुपयांची भरपाई जाहीर झाली. लोकशाहीचा उत्सव पार पाडताना एका दिवसात, एका राज्यात, सरकारी कामावर असलेली 33 माणसे उन्हाने गेली. सफाईचे काम कोणाच्या वाट्याला येते हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. महाराष्ट्राने हे आधीच पाहिले होते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला राज्य शासनाच्या पुरस्कार सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात बसवली गेली. व्यासपीठावर छप्पर होते, समोर नव्हते. 14 जण उष्माघाताने गेले.

या मृत्यूंनंतर किती महाविद्यालयांत हवामान-संप झाला? किती प्रकल्पवह्यांत त्यांची नोंद झाली? ध्रुवावरचे वितळणारे बर्फ आपल्याला दिसते आणि मतदान केंद्राच्या दारात कोसळलेला होमगार्ड दिसत नाही, कारण बर्फाला जात नसते.

‘इथे राजकारण आणू नका’

ग्रेटाच्या पुढच्या प्रवासातून आपण शिकावे असे बरेच आहे, आणि तोच भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती ओस्लोत सामी या आदिवासी समाजाच्या तरुणांबरोबर रस्त्यावर बसली. विरोध कशाला होता? पवनचक्क्यांना. फोसेन भागात सामींच्या रेनडिअर चराईच्या जमिनीवर पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला होता. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच त्याने सामींच्या हक्कांचा भंग होतो असे सांगितले होते, तरी चक्क्या फिरतच होत्या. पोलिसांनी ग्रेटाला उचलून नेले. ऊर्जा हरित असली म्हणून जमीन हिसकावणे हरित होत नाही, ही भूमिका तिने घेतली होती. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी गावांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या सभेत ती पॅलेस्टाईनबद्दल बोलत होती. एक माणूस व्यासपीठावर चढला आणि तिच्या हातातला माइक ओढत म्हणाला, की तो हवामानाच्या निदर्शनाला आला आहे, राजकीय मत ऐकायला नाही. हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! वर्गात, हॉस्टेलच्या मेसमध्ये, ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटावर: ‘इथे जात कशाला आणता?’ ती भविष्याबद्दल बोलत होती तोवर टाळ्या होत्या. आज जमीन कोणाची आणि मरते कोण, हे ती विचारू लागली तेव्हा टाळ्या ओसरल्या, जर्मनीतल्या तिच्याच चळवळीच्या शाखेने तिच्यापासून अंतर घेतले. म्हणजे तिला मिळालेला मान निरागसतेचा होता, निरागसता संपताच तो परत मागितला गेला.

आपल्या मुलांना ती निरागसता कधीच दिली जात नाही. त्यामुळे ती गमावण्याची भीतीही आपल्याला नको. आपण पहिल्या दिवसापासून हक्काच्या भाषेत बोललो तर काय बिघडणार आहे?

तशी भाषा आपल्याला उसनी आणावी लागत नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये इंग्रजांच्या जंगल खात्याने गावाची गायराने गिळल्याबद्दल लिहिले, आणि पावसाचे पाणी व माती शेतात मुरावी म्हणून बांध घालायला सुचवले. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले ते सार्वजनिक पाणवठा सर्वांचा आहे हे ठरवण्यासाठी. त्यानंतर न्यायालयात दहा वर्षे लढून 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयातून निकाल मिळवला. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित बाया आहेत. शहराचा कचरा वेगळा करून पुन्हा वापरात आणण्याचे काम त्या करतात, आणि ‘झिरो वेस्ट’चे कौतुक मात्र काचेच्या बरण्यांत डाळी भरणाऱ्या घरांचे होते.

यावर आपल्यातलेच काही मित्र म्हणतात, की पर्यावरण हे सवर्णांचे फॅड आहे, आपल्याला आधी नोकरी, घर, आरक्षण. त्यांच्या संशयाला आधार आहे. जंगल वाचवण्याच्या नावाने आदिवासींना उठवले गेले, नदी स्वच्छ करण्याच्या नावाने झोपड्या पाडल्या गेल्या, पर्यावरणाच्या नावाने आपल्या ताटातल्या मांसावर प्रवचने झाली. पण म्हणून मैदान सोडले तर निर्णय तेच घेतील ज्यांच्या घरात एसी आहे. पत्र्याच्या घरात रात्री झोप न लागणारे मूल परीक्षेत मागे पडते, तेव्हा तो आरक्षणाचाही प्रश्न असतो. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवले तर रोजंदारी कोण देणार, हा मजुरीचा प्रश्न असतो. नोकरी, घर आणि हवामान असे तीन वेगळे रकाने आपल्या आयुष्यात नाहीत.

कायद्याची वाटही थोडी उघडली आहे. हरिद्वारच्या रिधिमा पांडेने 2017 मध्ये, नऊ वर्षांची असताना, हवामान बदलाबाबत सरकारला जाब विचारणारी याचिका राष्ट्रीय हरित लवादात केली. 2019 मध्ये लवादाने ती निकाली काढली. पण 21 मार्च 2024 रोजी, माळढोक पक्ष्याच्या आणि वीजवाहिन्यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या 14 आणि 21 या कलमांतून येणारा हक्क मानला. गरीब समूहांना जास्त झळ बसते, म्हणून हा समतेचा प्रश्न आहे, हेही त्यात आले. बाबासाहेबांच्या घटनेतले समतेचे कलम हवामानाला लागू होते. ते वापरण्याचे काम आता ज्यांना ते वाचता येते त्यांचे आहे.

म्हणून पहिल्या पिढीच्या पदवीधरांना माझे सांगणे साधे आहे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर अनेक शहरांनी केले. तुमच्या शहराचा किंवा जिल्ह्याचा आराखडा मिळवा. मिळत नसेल तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात मागा. त्यात सफाई कामगार, नाका कामगार, वीटभट्टी, ऊसतोड, कचरावेचक हे शब्द आहेत का ते शोधा. सावली, पाणी आणि कामाच्या वेळा कोणी ठरवायच्या, बुडालेली मजुरी कोण देणार, उष्माघाताचा मृत्यू नोंदवणार कोण, हे विचारा. ज्यांना आकडेवारी कळते त्यांनी वस्तीतल्या घरांचे दुपारचे आणि रात्रीचे तापमान मोजून लिहून ठेवावे. वकिलांनी 14 आणि 21 कलमांचा तो निकाल वाचावा. जे शिक्षक आहेत त्यांनी पर्यावरणाच्या वहीत चवदार तळे आणि मुक्ता साळवे यांना पान द्यावे.

ग्रेटाकडून एक सवय घ्यायची: शास्त्रज्ञ काय म्हणतात ते वाचायचे आणि सत्तेला तेच वाचायला लावायचे. नोदीपकडून दुसरी घ्यायची: मजुरीचा हिशोब सोडायचा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातात आल्या, तर त्याला हवामान कार्यकर्ता म्हणायचे की आंदोलक, हे ठरवण्याचा अधिकार इतरांकडे राहणार नाही.

जय भीम.